सुरक्षित स्ट्रिंग फंक्शन्स (ड्रायव्हर)

सुरक्षित स्ट्रिंग फंक्शन्स ही मायक्रोसॉफ्ट विंडोज या संचालन प्रणालीच्या ड्रायव्हरमध्ये मजकूर हाताळण्यासाठी वापरली जाणारी सी भाषेतील फंक्शन्स आहेत. ती ‘एनटीस्ट्रसेफ’ या हेडर फाइलमध्ये घोषित केलेली असतात. ज्या बफरमध्ये मजकूर लिहायचा त्याचा आकार प्रत्येक वेळी सांगणे बंधनकारक असणे, हे त्यांचे मुख्य वैशिष्ट्य होय.

पार्श्वभूमी

सी भाषेत स्ट्रिंगची लांबी स्वतंत्रपणे नोंदवलेली नसते; शून्य मूल्याचे अक्षर आले की स्ट्रिंग संपली, असे मानले जाते. ‘स्ट्रकॉपी’ हे जुने फंक्शन असे अक्षर भेटेपर्यंत नक्कल करत राहते. मजकूर जागेपेक्षा मोठा असल्यास तो लगतच्या स्मृतीवर लिहिला जातो. यास बफर ओव्हरफ्लो म्हणतात. नोव्हेंबर १९८८ मध्ये पसरलेल्या मॉरिस वर्मने युनिक्सच्या ‘फिंगर’ सेवेतील अशाच दोषाचा फायदा घेतला होता.

सामान्य प्रोग्राममध्ये अशी चूक झाल्यास बहुधा तो एकच प्रोग्राम बंद पडतो. कर्नेलमध्ये चालणारे ड्रायव्हर मात्र एकच स्मृती वापरतात. त्यामुळे एका ड्रायव्हरमधील चुकीने संपूर्ण संगणक थांबू शकतो, किंवा हल्लेखोराला सर्वोच्च अधिकार मिळू शकतात.

कार्यपद्धती

नावात ‘सीबी’ असलेली फंक्शन्स बफरचा आकार बाइटमध्ये मोजतात, तर ‘सीसीएच’ असलेली अक्षरांमध्ये. लिहिलेला मजकूर शून्य अक्षरानेच संपेल, याची काळजी ती घेतात. मजकूर मावला नाही, तर मावेल तेवढाच भाग लिहून ‘स्टेटस बफर ओव्हरफ्लो’ हे मूल्य परत केले जाते. नावावरून तसे वाटले, तरी येथे प्रत्यक्षात ओव्हरफ्लो झालेला नसतो. मजकूर कापला गेल्याची ती सूचना असते.

विंडोज कर्नेलमध्ये ‘युनिकोड स्ट्रिंग’ ही रचनाही प्रचलित आहे. तिच्यात सध्याची लांबी, कमाल लांबी आणि मजकुराचा पत्ता असे तीन घटक असतात. दोन्ही लांब्या बाइटमध्ये असतात आणि मजकुराच्या शेवटी शून्य अक्षर असेलच असे नाही. म्हणून या रचनेसाठी वेगळी फंक्शन्स दिलेली आहेत.

मर्यादा

सांगितलेला आकार खरा आहे की नाही, हे फंक्शनला तपासता येत नाही. विंडोजमध्ये एक रुंद अक्षर दोन बाइटचे असते. म्हणून ६४ अक्षरांचा बफर १२८ बाइटचा होतो. ‘सीसीएच’ फंक्शनला चुकून १२८ हा आकडा दिल्यास ते २५६ बाइटपर्यंत लिहू शकते आणि मूळचा धोका पुन्हा उद्भवतो. तसेच परत आलेले मूल्य न तपासल्यास कापलेला मजकूर पूर्ण समजून वापरला जातो. फाइलचा मार्ग असा कापला गेल्यास भलतीच फाइल उघडली जाऊ शकते.

लिनक्समधील पर्याय

लिनक्स कर्नेलमध्ये २०१५ साली ‘स्ट्रस्कॉपी’ हे फंक्शन समाविष्ट झाले. मजकूर कापला गेल्यास ते ऋण मूल्य परत करते. त्याआधीचे ‘स्ट्रएलकॉपी’ लांबी मोजण्यासाठी मूळ स्ट्रिंग शेवटपर्यंत वाचत असे; स्ट्रिंगला शेवटच नसल्यास हे वाचनही धोक्याचे ठरे. ते २०२४ मध्ये कर्नेलमधून काढून टाकण्यात आले.