कप्तान नव्हे, शिपाई
कोचीला आजीच्या माहेरी सांगत, आपला मूळ पुरुष डच कप्तान. सुट्टीत मी शोध घेतला. घरच्या जुन्या बायबलच्या कोऱ्या पानांवर जन्म-लग्नांच्या नोंदी होत्या. सर्वांत वर त्याचे नाव, पुढे ‘यान्सझून’. हे आडनाव नव्हे. अर्थ ‘यानचा मुलगा’, आपण वडिलांचे नाव लावतो तसे.

डच ईस्ट इंडिया कंपनीच्या पगारवह्या हेगच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. आता संगणकावर नावाने शोधता येतात. त्यांत माणसाचे गाव, जहाज, हुद्दा, जमाखर्च असतो. आमचा पूर्वज साधा शिपाई निघाला, पगार महिना 9 गिल्डर. मात्र दरवर्षी तीन महिन्यांचा पगार गावी आईला द्यावा, अशी त्याची नोंद होती.

आजीला सांगताना बिचकलो. तिने बायबलात त्याच्या नावापुढे माझ्याकडून लिहून घेतले: शिपाई.