मागे फिरणारा प्रकाश

प्रकाशापेक्षा वेगवान काही नाही, हे आपण ऐकले आहे. परंतु ते पोकळीतल्या प्रकाशापुरते खरे. पाण्यात त्याचा वेग सेकंदाला सुमारे सव्वादोन लाख किलोमीटरवर येतो, आणि विद्युत्‌भारित कण तेथे त्याला मागे टाकू शकतो. मग धावत्या होडीपासून लाटा फाकाव्यात तसा निळसर प्रकाश तिरका पुढे फाकतो. १९३४ साली रशियात चेरेनकोव्ह यांनी तो पारखला. त्यासाठी ते तासभर अंधारात बसून आधी डोळे सरावीत. आम्हां कामगारांना या मेहनतीचेच कौतुक अधिक! १९५८ चे नोबेल त्यांना, फ्रांक व टाम यांना मिळाले. मार्गदर्शक वाविलोव्ह १९५१ मध्येच वारले होते.

१९६७ मध्ये व्हेसेलागो यांनी विचारले, वक्रीभवनांक ऋण असलेला पदार्थ असता तर? गणित सांगे, त्यात लाटा एकीकडे सरकतील आणि ऊर्जा उलटीकडे वाहील. म्हणजे हा प्रकाश कणाच्या मागे फेकला जाईल. असा पदार्थ खाणीत मिळत नाही. २००० साली अमेरिकेत तांब्याच्या तारा व फट ठेवलेली कडी ओळीने मांडून तो सूक्ष्मलहरींपुरता घडविला. २०१७ मध्ये चीनमध्ये अशाच रचनेजवळून इलेक्ट्रॉनांचा झोत सोडला, तेव्हा प्रारण खरोखरच मागे आले. ते मागे आले, की मोजणारे यंत्र कणांच्या माऱ्यासमोर ठेवावे लागत नाही.