सैल टाइप, महाग तपासणी

पायथन या प्रोग्रामिंग भाषेत टाइप, म्हणजे कुठे कसला डेटा येणार हे, लिहिण्याची प्रमाणित सोय आली 2015 च्या सप्टेंबरात, 3.5 आवृत्तीबरोबर. वय म्हणजे पूर्णांक, असं लिहिता येऊ लागलं. पण प्रोग्राम चालताना ते तपासत कोणीच नव्हतं. वयाच्या जागी नाव आलं तरी पायथन गप्प. 2017 मध्ये सॅम्युएल कोल्विन यांच्या पायडँटिक या लायब्ररीने ही उणीव भरून काढली. लिहिलेल्या टाइपवरूनच आलेला डेटा तपासायचा, जमला तर योग्य रूपात बदलून घ्यायचा. पुढच्याच वर्षी आलेलं फास्टएपीआय हे वेब फ्रेमवर्क त्यावरच उभं राहिलं.

मग वेगाचा प्रश्न पुढे आला. टाइप जितका सैल, तितकं तपासणाऱ्याला काम जास्त. ‘लिस्ट’ मागितली तर समोर लिस्टच आहे का, याचा एका प्रश्नात निकाल लागतो. ‘सीक्वेन्स’ मागितला, म्हणजे क्रमाने मांडलेलं काहीही चालेल, की समोर आलेलं त्यात बसतं का हे शोधत बसावं लागतं. युनियनमध्ये, म्हणजे अनेक टाइपांपैकी कोणताही चालेल तिथे, तर एकेक पर्याय लावून पाहावा लागतो.

शिवाय लिस्टमधली प्रत्येक वस्तू तपासायची, तर लांबीबरोबर वेळही वाढतो. बेअरटाइप या दुसऱ्या लायब्ररीने यावर धीट तोड काढली. आंबिवलीहून लोकल पकडणाऱ्यांना ती लगेच कळेल: टीसी गर्दीतून एखाद्यालाच थांबवतो, तशी बेअरटाइप लांबलचक लिस्टमधली एकच वस्तू अंदाजाने उचलून तपासते. लिस्ट दहाची असो वा दहा लाखांची, वेळ तेवढाच. आपल्याच कोडच्या आत मला हे पटतं; परक्याने पाठवलेल्या डेटासाठी अजिबात नाही. एमएसजीस्पेक या आणखी एका लायब्ररीने वेगासाठी मोकळीकच कमी केली: ओळखीची खूण नसलेले दोन स्ट्रक्ट (ठरावीक रकान्यांचे साचे) एका युनियनमध्ये घातले, तर ती सरळ नकार देते. मला हा नकार प्रामाणिक वाटतो.

30 जून 2023 ला पायडँटिकची दुसरी आवृत्ती आली. तिचा गाभा रस्ट भाषेत नव्याने लिहिलेला होता, आणि निर्मात्यांच्या मोजणीत ती जुनीपेक्षा 4 ते 50 पट वेगवान ठरली. एवढं करूनही पायडँटिकच्या माहितीपुस्तिकेत आजही सल्ला आहेच: सीक्वेन्सऐवजी लिस्ट किंवा टपल लिहा, युनियनला खूण द्या. रस्टने प्रत्येक तपासणी स्वस्त केली. किती तपासण्या लागतील, हे मात्र टाइप लिहिणाराच ठरवतो.

म्हणून नव्याने कोड लिहिणाऱ्यांना कळकळीची विनंती: बाहेरून येणारा डेटा पूर्ण तपासा, आणि लिस्ट हवी असेल तिथे लिस्टच लिहा.