दाभोळ : भरतीच्या पाण्याने घडवलेले बंदर

दाभोळच्या धक्क्यावर फेरीबोटीची वाट पाहताना समोर धोपावे दिसते, आणि पश्चिमेकडे खाडीच्या मुखावर अंजनवेलचा गोपाळगड. या शांत किनाऱ्यावर एके काळी दख्खनचे एक मोठे बंदर होते, हे सहज पटत नाही. त्याचे रहस्य समुद्रात नव्हे, वाशिष्ठीच्या पात्रात आहे.

सह्याद्रीतून वेगाने उतरणारी वाशिष्ठी चिपळूणला सपाटीवर येते आणि मंदावते. तिथपर्यंत समुद्राची भरती येऊन भिडते. सुमारे साडेबारा तासांनी भरतीचे चक्र पुन्हा सुरू होते. पूर्वी या भरतीबरोबर गलबते चिपळूणजवळच्या गोवळकोटपर्यंत चढत आणि ओहोटीबरोबर उतरत. तिथून पुढे कुंभार्ली घाटाने बैलांचे तांडे कऱ्हाडकडे जात. खाडी जिथे संपे, तिथेच घाटवाट सुरू होई. दाभोळ वाढले ते या सांध्यावर.

बहमनी काळात इथे अरबस्तान, खुरासानचे घोडे उतरत. रशियन प्रवासी अफनासी निकितिन याने पंधराव्या शतकात या बंदराची नोंद केली आणि परतीचा जलप्रवास इथूनच धरला. चौलच्या लढाईत पडलेल्या मुलाचा सूड घ्यायला निघालेल्या पोर्तुगीज व्हाइसरॉय फ्रान्सिस्कु द आल्मैदाने १५०८च्या डिसेंबरअखेर दाभोळ जाळले. शहर पुन्हा उभे राहिले, पण पूर्वीचे वैभव टिकले नाही. पुढे जहाजे मोठी झाली, गाळ वाढला, आणि घाटमाथ्याचा माल रेल्वेने मुंबईकडे वळला.

घाटवाटेचा व्यापार ओसरला, तरी घाटमाथ्याशी नाते तुटले नाही. कृष्णेला मिळण्यासाठी कऱ्हाडकडे वाहणारी कोयना १९६०च्या दशकापासून बोगद्यांतून पश्चिमेला पडते, पोफळीला वीज देते आणि तिचे पाणी वाशिष्ठीत सोडले जाते. वर्षाला ६७.५ टीएमसी पाणी असे वळवण्याची मुभा आहे. ज्या कऱ्हाडहून पूर्वी माल येई, त्या कऱ्हाडच्या वाटेचे पाणीच आता खाली येते.

म्हणून या खाडीचा हिशेब आता अवघड झाला आहे. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूण बुडाले, तेव्हा अतिवृष्टी, गाळाने उथळ झालेले पात्र आणि खालून चढणारी भरती यांची चर्चा एकाच वेळी झाली. जी भरती पूर्वी गलबते वर आणी, तीच पुराच्या दिवशी पाण्याची वाट अडवते. पात्रातला गाळ काढायचा की नाही, विसर्ग केव्हा करायचा, पूररेषा कुठे आखायची, हे प्रश्न आता केवळ अभियंत्यांचे राहिलेले नाहीत. पूर्वीचे नाखवे भरतीचे वेळापत्रक पाहूनच नांगर उचलत. चिपळूणच्या नियोजनालाही तेच वेळापत्रक आधी उघडावे लागेल.