साहेब, सँपल तयार आहे!

चंद्रपूर भागातल्या खुल्या कोळसा खाणींवर पाण्याचे नमुने घ्यायला गेलं की बऱ्याचदा स्वागत तयार बाटलीने होतं. मे महिना, पारा 45 च्या वर, पाणी साचतं तो संप पार खाणीच्या तळाला. एवढ्या उन्हात खाली कशाला उतरता, म्हणून कुणीतरी मिनरल वॉटरच्या बाटलीत आधीच पाणी भरून ठेवलेलं. ‘‘साहेब, सँपल तयार आहे. बसा, चहा घ्या.’’ चहा आम्ही घेतो, बाटली तिथेच ठेवतो. त्यात लबाडी असतेच असं नाही. पण ते पाणी कुठलं, कधी भरलं, हे सांगणारा कुणी नसतो, आणि बंद बाटलीतही पाणी गप्प बसत नाही. म्हणून आमचं खरं काम भरण्याचं कमी, रोखून धरण्याचं जास्त.

एकाच जागी पाच-सहा बाटल्या भरताना बघून डंपरवाले हसतात. धातूंसाठीच्या बाटलीत नायट्रिक अ‍ॅसिड घालून पीएच 2 च्या खाली आणायचा. मग पारा सोडला तर बहुतेक धातू 6 महिने टिकतात. सीओडी, म्हणजे पाण्यातली घाण रसायनाने जाळायला लागणारा ऑक्सिजन; त्या बाटलीला सल्फ्युरिक अ‍ॅसिड. बीओडी, म्हणजे तीच घाण खाताना जंतूंना लागणारा ऑक्सिजन; त्या बाटलीला अ‍ॅसिड नाही, फक्त बर्फ आणि घाई. तेल-ग्रीसची बाटली काचेची, आणि ती नमुन्याच्या पाण्याने विसळायची नाही. तेल काचेला धरून बसतं आणि आकडा उगाच चढतो.

नायट्रेटची गंमत वेगळीच. खाणीच्या पाण्यात ते बरंचसं सुरुंगाच्या दारूतून येतं, कारण अमोनियम नायट्रेट पाण्यात चटकन विरघळतं. कोळसा खाणींसाठी 2000 साली आलेल्या मानकांत बाहेर सोडायच्या पाण्यातल्या नायट्रेट-नायट्रोजनला लिटरमागे 10 मिलिग्रॅमची मर्यादा आहे. एकदा एका नव्या पोराने उत्साहाच्या भरात त्याही बाटलीत नायट्रिक अ‍ॅसिड सोडलं. रिपोर्टचा आकडा असा, की महिन्याभराचे सुरुंग एकाच दुपारी उडाले असावेत! आकडा अफाट होता म्हणून चूक सापडली. हात जरा आखडता घेतला असता, तर ‘ब्लास्टिंग वाढलंय’ म्हणून सगळ्यांनी माना डोलावल्या असत्या.

खाणीलगतच्या गावांतली बोअरवेल मात्र सगळ्यात जास्त परीक्षा बघते. आधी पाइपात साचलेलं पाणी उपसून टाकायचं. मग सिरिंजला 0.45 मायक्रॉनचा फिल्टर लावून थेंब थेंब गाळायचं आणि लगेच अ‍ॅसिड. हा क्रम उलटा झाला तर अ‍ॅसिड गाळातलं लोखंडही विरघळवतं आणि विरघळलेल्या लोखंडाचा आकडा फुगतो. गाळायला उशीर झाला तर हवा लागून लोखंडाचा गंज होतो, तो फिल्टरवरच अडकतो आणि आकडा पडतो. खाण दोषी की निर्दोष, हे असं हातपंपाच्या ओट्यावर ठरू शकतं.

एका आजीबाई बराच वेळ हे बघत उभ्या होत्या. ‘‘काऊन जी, एवढ्याशा पाण्याले एवढं गाळता? पाणी तं काचेवानी साफ आहे. मंग भात पिवळा काऊन होते?’’ त्यांना वेगळं काही सांगितलं नाही. एका ग्लासात पाणी भरून ओट्यावर ठेवलं आणि आम्ही पुढच्या घराकडे गेलो. परत आलो तर पाण्याला तांबूस झाक आलेली, आजूबाजूला निम्मी गल्ली जमलेली. त्या दिवशी कागदावर सही करायला साक्षीदार शोधावा लागला नाही.

राहिला बर्फ. विदर्भाच्या उन्हाळ्यात बर्फाची पेटी गाडीत असली की सगळ्यांचा तिच्यावर डोळा. ताकाची बाटली बीओडीच्या शेजारी सापडणं ही नेहमीची गोष्ट. पण आमच्या ड्रायव्हरची कामगिरी त्याहून थोर. ब्लँकसाठी डिस्टिल्ड वॉटर नेलं होतं. ब्लँक म्हणजे तेच शुद्ध पाणी जागेवर बाटलीत भरायचं, बाकी नमुन्यांसारखंच वागवायचं आणि तपासायचं. त्यात लोखंड निघालं तर दोष खाणीचा नाही, आपल्या हाताचा. शेवटच्या ठिकाणी कॅन उघडला तर रिकामा.

‘‘त्याचं काय झालं?’’

‘‘बॅटरीत टाकलं ना साहेब. सकाळपासून सेल्फ मारत नव्हती.’’

रागवावं तर गाडी चालू त्याच्यामुळेच होती. ब्लँकशिवायचे नमुने घ्यायला लॅबने नकार दिला आणि सगळी फेरी पुन्हा झाली. आता गाडीत दोन कॅन असतात. दुसऱ्यावर त्याने स्वतःच मार्करने लिहिलंय: ‘बॅटरी. सँपलवाल्यांनी हात लावू नये.’