बुरशीचें औषध निष्फळ कां होतें?

नाशिक-सांगलीकडे ज्यांचे आप्त द्राक्षबागाईत करितात, त्यांच्या घरीं ही तक्रार वाचकांनीं ऐकिली असेल: “औषध भेसळीचें निघालें, चार वेळां फवारलें, तरी केवडा हटेना.” भेसळ क्वचित् असेलही. परंतु औषध अस्सल असूनही रोग न हटण्याचें एक निराळें कारण आहे, व तें समजल्यावांचून दुकान बदलून कांहीं लाभ नाहीं.

प्रथम एका जुन्या औषधाची हकीकत. फ्रान्सांतील मेडॉक प्रांतीं रस्त्यालगतच्या द्राक्षांस वाटसरूंनीं हात लावूं नये म्हणून मळेवाले वेलींवर मोरचूद व चुना शिंपीत. १८८२ सालीं मिलार्दे नामक बोर्डो येथील प्राध्यापकास दिसलें कीं, केवड्यानें इतर वेलींचीं पानें झडलीं, ह्यांचीं मात्र टिकलीं. १८८५ मध्यें त्यानें कृति प्रसिद्ध केली. तेंच बोर्डो मिश्रण. (केवड्याचा जंतु ही खरी बुरशी नव्हे, तिचा दूरचा भाऊबंद, असें शास्त्रज्ञ म्हणतात, व्यवहारापुरतें आम्ही तिला बुरशीच म्हणतों.) इतकीं वर्षें लोटलीं, तरी हें औषध निकामी झालें नाहीं. कारण तांबें एकाच नव्हे, अनेक ठिकाणीं घाव घालतें.

नवीं औषधें बहुधा एकच मर्म हेरतात. मेटॅलॅक्सिल १९७७ सालीं निघालें, आणि १९८० मध्येंच आयर्लंड व हॉलंड येथें बटाट्याच्या करप्यावर लटकें पडलें. १९९६ सालीं आलेलीं स्ट्रोबिल्युरिन वर्गाचीं औषधें बुरशीचें श्वसन रोधितात. पण तेथील एका प्रथिनांत १४३ व्या स्थानीं ग्लायसीनऐवजीं ॲलनीन आलें, कीं औषधाला थाराच मिळत नाहीं. १९९८ मध्यें उत्तर जर्मनींत गव्हाच्या भुरीवर, आणि पुढें आपल्याकडील द्राक्षांच्या केवड्यावरही, हाच अनुभव आला. अशी बुरशी औषध निर्माण करीत नाहीं. असंख्य बीजाणूंत एखादा तसा आधींच असतो. औषध इतरांस मारून त्याला रान मोकळें करून देतें, इतकेंच.

मग मनुष्य बाटली बदलतो. परंतु ॲझॉक्सिस्ट्रोबिन, क्रेसॉक्झिम-मिथाइल, पायराक्लोस्ट्रोबिन हीं नांवें तीन असलीं तरी कुळ एकच! अमरकोशांत एका सूर्याचीं कितीतरी नांवें पाठ केलेल्यांस ह्याचें नवल वाटूं नये. ह्या घोटाळ्यावर तोड म्हणून फंगिसाइड रेझिस्टन्स ॲक्शन कमिटी ह्या १९८१ सालच्या आंतरराष्ट्रीय मंडळानें प्रत्येक कुळास आंकडा दिला आहे. वरील तिन्हींचा ११, मेटॅलॅक्सिलचा ४.

तेव्हां एकाच आंकड्याचें औषध लागोपाठ वापरूं नये. हंगामांतही त्याच्या मोजक्याच फवारण्या कराव्या, आणि त्या मॅन्कोझेबसारख्या अनेक ठिकाणीं मारा करणाऱ्या औषधाच्या जोडीनें. मात्रा लेबलावरील पुरी घ्यावी. रोग बोकाळल्यावर धांवाधांव करण्यापेक्षां फळछाटणीनंतर, पावसाचा रंग पाहून, आधींच फवारणें बरें. दाट फुटवे विरळ केल्यानें पानें लवकर सुकतात व केवड्यास ओल मिळत नाहीं. आमच्या मतें ह्या बिनपैशाच्या उपायाकडेच सर्वांत अधिक दुर्लक्ष होतें. फवारणीच्या वहींत तारखेपुढें औषधाचें मूळ नांव व त्याचा आंकडा लिहावा. घरांत इंग्रजी शिकलेलें एखादें मूल असतेंच. लेबल वाचून आंकडा शोधण्याचें काम त्याच्याकडे सोंपवावें.