पोकेस्टॉप कुणाच्या वस्तीत?

जुलै २०१६ मध्ये ‘पोकेमॉन गो’ हा मोबाइलवरचा खेळ आला आणि अमेरिकेतले रस्ते, बागा मोबाइल घेऊन हिंडणाऱ्यांनी भरून गेल्या. खेळ फुकट होता. पण पोकेमॉन नावाचे काल्पनिक प्राणी पकडायला लागणारे पोकेबॉल फुकटात हवे तर पोकेस्टॉप, म्हणजे खेळाच्या नकाशावर नोंदलेलं खरंखुरं ठिकाण, गाठावं लागे, आणि पोकेस्टॉप सगळ्यांच्या वाट्याला सारखे आले नव्हते. ऑगस्टमध्ये अर्बन इन्स्टिट्यूट या संशोधन संस्थेने वॉशिंग्टन डीसीचा हिशेब मांडला: गोऱ्यांची बहुसंख्या असलेल्या वस्तीत सरासरी ५५ ठिकाणं, कृष्णवर्णीयांची बहुसंख्या असलेल्या वस्तीत १९.

या तफावतीचं मूळ ‘पोकेमॉन गो’ बनवणाऱ्या निअँटिक कंपनीच्या २०१२ मधल्या ‘इन्ग्रेस’ या खेळात आहे. त्यात पुतळे, भित्तिचित्रं, ऐतिहासिक फलक अशी ठिकाणं खेळाडूच सुचवत. हे खेळाडू बहुतेक तरुण, पुरुष आणि तंत्रज्ञानात रमणारे. त्यांचा वावर होता तिथली ठिकाणं नोंदली गेली. २०१५ मध्ये नव्या सूचना घेणं थांबलं आणि तोच साठा ‘पोकेमॉन गो’च्या हाती आला. कुणाला वगळायचं असं कुणी ठरवलं नव्हतं, तरी वस्त्याच्या वस्त्या वगळल्या गेल्या.

नकाशावर ठिकाण असलं तरी तिथे जाणं सगळ्यांना सारखं सोपं नव्हतं. अनोळखी भागात घुटमळणाऱ्या कृष्णवर्णीय माणसाकडे लोक संशयाने पाहतात, त्यातून जीवावर बेतू शकतं, असं लेखक ओमारी अकिल यांनी जुलै २०१६ मध्येच लिहिलं. शिवाय २०१७ च्या एका अभ्यासात ठिकाणांच्या बाबतीत ग्रामीण भागही मागे पडल्याचं दिसलं. ठिकाणं व्यापारी करारातूनही ठरत: भारतात डिसेंबर २०१६ मध्ये रिलायन्सच्या जिओसोबत खेळ अधिकृतपणे आला, तेव्हा रिलायन्सची दुकानंही पोकेस्टॉप झाली.

२०१९ मध्ये निअँटिकच्या ‘वेफेअरर’ या व्यवस्थेमुळे ‘पोकेमॉन गो’च्या खेळाडूंसाठी ठिकाणं सुचवण्याचं दार उघडलं. मात्र त्यासाठी खेळातली चाळिसावी, म्हणजे तेव्हाची सर्वांत वरची पातळी लागे. जवळ पोकेस्टॉप नाहीत म्हणून पातळी वाढत नाही, आणि पातळी नाही म्हणून पोकेस्टॉप सुचवता येत नाही! अट पुढे थोडी सैल झाली, पण सर्वांत मागे राहिलेल्यांचा अडसर कायम राहिला.

करोनाकाळात पोकेस्टॉप जितक्या दुरून वापरता येतो ते अंतर ४० वरून ८० मीटर झालं. चालणं कठीण असलेल्यांना त्याचा मोठा आधार वाटला. २०२१ मध्ये अमेरिका आणि न्यूझीलंडमध्ये ते पुन्हा घटवलं, तेव्हा खेळाडूंनी एकजुटीने आवाज उठवला आणि त्याच महिन्यात कंपनीला ८० मीटरचं अंतर कायम करावं लागलं.

म्हणजे हे नियम बदलता येतात. असे खेळ काढणाऱ्या प्रत्येक कंपनीने वस्तीनिहाय ठिकाणांची संख्या जाहीर करावी, आणि आपल्या वस्तीतलं ठिकाण सुचवण्याचा हक्क पहिल्याच दिवसापासून प्रत्येक खेळाडूला द्यावा.